आस्वादाला जीभ हवी

मराठी समीक्षेत 'आस्वाद' या शब्दाइतका वापरून गुळगुळीत झालेला दुसरा शब्द सापडणे कठीण आहे. आस्वादक समीक्षा, काव्यास्वाद, आस्वादनव्यापार, आस्वादप्रक्रिया, आणि शाळेच्या पायरीवर 'रसग्रहण'. एवढे सगळे चाखणे चालू असताना चव मात्र कोणी सांगत नाही, असा आमचा जुना आक्षेप आहे. आज तो आम्ही जरा अनपेक्षित बाजूने मांडणार आहोत. विषय बेल्जियममधल्या एका बिअरचा आहे. पण रोख मराठीच्या वर्गावर आणि मराठी परीक्षणांवर आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

ही बिअर म्हणजे ओर्व्हाल. बेल्जियमच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सीमेलगत, याच नावाचा ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. उद्ध्वस्त मठाची पुनर्बांधणी १९२६ पासून सुरू झाली आणि तिचा खर्च भागावा म्हणून १९३१ मध्ये तिथे बिअरचा कारखाना उभा राहिला. बाटलीवर तोंडात अंगठी धरलेला मासा असतो, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला दुष्यंत-शकुंतलेची आठवण व्हावी. मद्यार्काचे प्रमाण ६.२ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने ही 'स्ट्राँग'च. नेहमीच्या यीस्टने आंबवण झाल्यावर बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसीस नावाचे रानटी यीस्ट घातले जाते, हे तिचे वेगळेपण. ते बाटलीत महिनोन् महिने काम करीत राहते. म्हणून ताजी ओर्व्हाल आणि वर्षभर ठेवलेली ओर्व्हाल या जवळजवळ दोन बिअर होतात: पहिली हॉप्सच्या फुलांनी कडवट आणि सुगंधी, दुसरी कोरडी, तुरट आणि जनावराच्या अंगासारखा काहीसा वास असलेली. बेल्जियममध्ये काही ठिकाणी 'तरुण की जुनी?' असे विचारून ती देतात.

आमच्यातल्या काहींनी ही बिअर सातारा-सांगलीकडच्या एका छोट्या बैठकीत चाखली. पेले लहान होते, चर्चा लांबली. चर्चा लांबण्याचे कारण असे की पहिल्या घोटानंतर कोणालाच 'छान' किंवा 'वाईट' म्हणता येईना. तयार विशेषण हाताशी नव्हते. इंग्रजीत या वासासाठी रूढ झालेला शब्दप्रयोग घोड्याच्या पाठीवर टाकायच्या कांबळ्याचा आहे. आमच्यापैकी कोणीही तसले कांबळे हुंगलेले नव्हते. मग एकाने म्हटले, पावसात भिजून कोपऱ्यात वाळत पडलेली घोंगडी. ज्यांनी माण आणि आटपाडीकडचे धनगरवाडे पाहिले होते त्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याने दुरुस्ती केली: घोंगडी खरी, पण तिच्यामागे संत्र्याच्या सालीचा कडवटपणा आहे. तिसऱ्याला शेवटी राहणारी चव आवळ्याच्या तुरटपणासारखी वाटली. चौथ्याने ती सुपारीच्या जवळची ठरवली आणि दोन्हींतला फरक सांगितला, की आवळ्यानंतर पाणी गोड लागते, सुपारीनंतर लागत नाही. मग पाणी पिऊन पाहिले गेले. पाणी गोड लागले नाही. आवळा बाद झाला.

आमचे म्हणणे असे, की समीक्षा म्हणजे हेच. वस्तूकडे लक्ष देणे, तिला नेमका शब्द शोधणे, तो शब्द दुसऱ्यासमोर तपासणीसाठी ठेवणे आणि तपासणीत टिकला नाही तर सोडून देणे. एका बिअरवर अर्ध्या तासात जे घडले ते कादंबऱ्यांवरच्या परिसंवादांत दिवसभरात का घडत नाही?

यावर कोणी म्हणेल, की साहित्यचर्चेत जिभेचे हे कौतुक उपरे आहे. वस्तुस्थिती उलट आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावून सांगायला जेवणाचाच दृष्टांत घेतला आहे: नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारा रसिक जसा त्यातल्या रसांचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक स्थायी भावांचा. पुढे अभिनवगुप्ताच्या विवेचनात पानकरसाचा दृष्टांत येतो. पानक म्हणजे आपल्या पन्ह्याच्या जातीचे पेय. त्यातले गोड, आंबट, तिखट घटक मिसळले की प्रत्येकाहून वेगळी, अखंड अशी एक चव तयार होते. म्हणजे ज्या सिद्धान्ताच्या नावाने आपण आस्वाद, आस्वाद म्हणतो, तो पेयाचा घोट घेऊनच उभा राहिलेला आहे. आपण घोट गाळला आणि सिद्धान्त तेवढा पाठ केला.

पश्चिमेकडेही तेच. डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये अभिरुचीच्या निकषावर निबंध लिहिला, त्यात 'डॉन किहोटे'मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचोच्या दोन नातलगांना पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली जुनी किल्ली सापडते. ह्यूमच्या गोष्टीत किल्ली सापडते याला फार महत्त्व आहे. अभिरुची ही खासगी लहर असेल तर किल्ली सापडण्याचा प्रश्नच येत नाही. चाखणाऱ्याने वस्तूत खरोखरच असलेले काही पकडले आहे, आणि ते दाखवता येते, हा त्या गोष्टीचा भरवसा आहे. ओर्व्हालमध्येही चामड्याच्या जवळचा वास येतो. पण तिथे किल्ली शोधून उपयोग नाही, तो वास रानटी यीस्टचा स्वतःचाच आहे.

आता आपल्या समीक्षेकडे वळू. सातारा-सांगलीच्या मातीतून आलेले लेखन मराठीत थोडेथोडके नाही. व्यंकटेश माडगूळकर आटपाडीजवळच्या माडगूळचे. 'माणदेशी माणसं' १९४९ चे, 'बनगरवाडी' १९५५ ची. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. 'फकिरा' १९५९ ची. मर्ढेकरांच्या आडनावातले मर्ढे गाव साताऱ्याजवळ आहे. या लेखकांवर जे प्रबंध, जी परीक्षणे, जी गौरवपर भाषणे होतात, त्यांत 'मातीचा वास' हा शब्दप्रयोग हटकून येतो. आमचा प्रश्न साधा आहे: कोणत्या मातीचा? माणदेशातली मुरमाड जमीन, कृष्णाकाठची काळी आणि महाबळेश्वरकडची तांबडी, या तिन्ही पहिल्या पावसात एकसारख्या दरवळत नाहीत, हे तिथल्या कोणत्याही शाळकरी मुलाला ठाऊक असते. माडगूळकरांच्या गद्यातली कोरडी, तुटक वाक्ये आणि अण्णा भाऊंच्या कथनातला आवेग यांना एकाच 'मातीच्या वासा'त गुंडाळणारा समीक्षक दोघांनाही चाखत नसतो. तो लेबल वाचत असतो.

शाळेतच याची सुरुवात होते. कवितेचे रसग्रहण म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा ठरीव मथळ्यांखाली ठरीव वाक्ये. विद्यार्थ्याला कविता बदलली तरी उत्तर फारसे बदलावे लागत नाही. हीच सवय पुढे पदव्युत्तर वर्गात जाते, तिथे मथळे बदलतात, 'जाणिवा' आणि 'परिप्रेक्ष्य' येतात, पण पद्धत तीच राहते. विद्यार्थ्यांना आम्ही दोष देत नाही. ज्या उत्तराला गुण मिळतात तेच ते लिहिणार. प्रश्न आहे तो गुण देणाऱ्यांचा, म्हणजे आपला.

आंबवण्याच्या इतिहासात या सवयीचे एक बोलके उदाहरण सापडते. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन याने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरच्या उत्पादनात आणले. घाणीवर घाणी नासणे थांबले. हा मोठाच लाभ होता आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर एक समजही रुजला, की शुद्ध तेवढे चांगले आणि रानटी तेवढे खराब. त्याच प्रयोगशाळेत क्लॉसेन या संशोधकाला इंग्लंडच्या जुन्या, मुरवलेल्या बिअरच्या खास चवीमागे एक वेगळे यीस्ट आढळले. १९०४ मध्ये त्याने त्याला ब्रेटॅनोमायसीस, म्हणजे 'ब्रिटिश बुरशी', हे नाव दिले. ज्याला पुष्कळ वाइन उत्पादक आजही दोष मानतात, तेच ओर्व्हालमध्ये गुण ठरते. ब्रुसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात तर लांबिक नावाची बिअर थंडीच्या दिवसांत उथळ, उघड्या हौदात रात्रभर ठेवतात. हवेतून आणि लाकडी पिंपांतून जे जिवाणू आणि यीस्ट मिळतील त्यांच्यावर ती आंबते.

गुणदोष वस्तूच्या संदर्भात ठरतात, आधीच ठरलेले नसतात, हा यातला धडा. माणदेशी बोली एके काळी 'अशुद्ध' होती. आज तीच 'अस्सल' आहे. दोन्ही निवाडे न चाखता दिलेले आहेत. बोली कुठे काम करते आणि कुठे नुसती सजावट होते, हे वाक्यावाक्याला तपासावे लागते. 'अस्सल' हा शिक्काही शुद्ध यीस्टच्या डब्यावरच्या शिक्क्याइतकाच आयता आहे.

पण आपल्या परीक्षणांना शुद्ध यीस्टची उपमा देणेही त्यांचा गौरव करणे होईल. त्यांच्यासाठी अधिक योग्य उपमा आपल्याच दोन जिल्ह्यांत आहे. सातारा-सांगली हा साखर कारखान्यांचा मुलूख. मळीपासून स्पिरिट काढतात. ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यांतून वर जाताना मळीची सारी चव मागे टाकून येणे हीच त्या स्पिरिटची गुणवत्ता. मग त्यात पाणी, रंग आणि अर्क मिसळतात. देशी दारू अशीच होते, आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा व्हिस्कीचा पायाही मळीच्याच स्पिरिटचा असतो. बाटलीवर संत्रे असते, आत संत्रे नसते. आमच्या मते आजचे सरासरी मराठी परीक्षण असेच तयार होते. आधी पुस्तकातली सारी चव काढून एक निर्विकार 'आशय' करायचा, मग त्यात चार थेंब देशीवाद, दोन थेंब स्त्रीवाद, वरून थोडी उत्तर-आधुनिकता. हे वाद निरर्थक आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ते पुस्तक वाचताना हाती लागले पाहिजेत, बाहेरून घातलेला अर्क म्हणून नव्हे, एवढेच म्हणतो.

इथे देशीवादी मित्र विचारतील: मग बेल्जियमला कशाला गेलात? आंबिलीवर लिहा. रास्त प्रश्न आहे. उत्तर असे, की परक्या चवीपुढे तयार शब्द संपतात आणि जीभ जागी होते. आणि जागी झालेली जीभ घरी परत येते तेव्हा तिला घरचे दिसू लागते. ओर्व्हालनंतर आम्हाला जे दिसले त्याची ही यादी. ओढ्याकाठच्या शिंदीचा रस: पहाटे गोड निरा, आणि काही तासांत हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टने फसफसणारी शिंदी. रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलेली ज्वारीची किंवा नाचणीची आंबील. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे औषधाच्या दुकानात राजरोस मिळणारे द्राक्षासव. आसव आणि अरिष्ट यांच्या पारंपरिक कृतीत धायटीची फुले घालतात. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणाऱ्या या लाल फुलांवर यीस्ट निसर्गतःच असते आणि तेच आंबवण सुरू करते. त्यातून तयार होणारा मद्यार्क सहज बिअरच्या तोडीचा किंवा अधिकही असतो. तासगाव ही बेदाण्याची मोठी बाजारपेठ; सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. द्राक्षे आपल्याकडे, फुलांवरचे रानटी यीस्ट आपल्याकडे, आणि त्याचे वर्णन करायला शब्द मात्र आपण इंग्रजीतून मागवतो.

शब्द नाहीत असेही नाही. आंबूस, कुबट, उग्र, खवट, करपट, मातकट, हिरवट, ओशट, खरपूस, तुरट: वासाच्या आणि चवीच्या छटा दाखवण्यात मराठी कमालीची श्रीमंत आहे. तशी शास्त्राची भाषाही आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. 'किण्वन' हा शब्द अशा ग्रंथांमुळे विद्यार्थ्यांपर्यंत पोचला. त्यामागचे 'किण्व' कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात आहे. म्हणजे हा शब्द दोन हजार वर्षे मुरलेला आहे. किण्वन आणि आंबणे हे दोन्ही शब्द हवेत. अडचण अशी, की वाईतला शब्द ग्रंथात राहिला, आटपाडीतला चुलीपाशी राहिला, आणि समीक्षेने दोघांनाही बोलावले नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. दारूच्या आस्वादावर लिहिणे हा सुखवस्तूंचा चाळा आहे, असे म्हटले जाईल. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ज्या सांगलीत १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झाले, त्या सांगलीला नाट्यपंढरी मानणाऱ्या मराठी रंगभूमीवर गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये आले आणि सुधाकर-सिंधूचे घर मराठी मनात कायमचे उद्ध्वस्त होऊन राहिले. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन'च्या माध्यमातून व्यसनमुक्तीचे काम उभे केले. गावोगावच्या बायकांनी मतपत्रिकेवरची 'आडवी बाटली' निवडून दुकाने बंद पाडली. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा शासनाचा निर्णय आला तेव्हा उठलेले वादळही याच अनुभवातून आलेले होते. या सगळ्यांच्या विरोधात आमच्याकडे एक शब्दही नाही. कोणी प्यावे असे आम्ही सुचवत नाही. न पिणाऱ्याच्या जिभेला आवळा, पन्हे आणि आंबील पुरेशी आहेत.

पण याच ठिकाणी आमचा मुद्दा सर्वांत जास्त लागू पडतो. दारूसंबंधी मराठीत असलेला सर्वांत नेमका शब्द कोणता? 'भपकारा'. हा शब्द रसिकांच्या बैठकीतून आला असेल असे आम्हाला वाटत नाही. दार उघडताक्षणी आजची रात्र कशी जाणार हे ज्यांना वासावरून ओळखावे लागले, त्यांच्या बोलण्यात तो जिवंत आहे. वासाची जात, त्याचा जोर, तो अंगावर येण्याची तऱ्हा, आणि त्यामागून येणारी भीती, हे सर्व त्या एका शब्दात आहे. हीसुद्धा चाखण्याचीच विद्या आहे, आणि तिची किंमत फार मोठी मोजलेली आहे. अशा बाईच्या आयुष्यावरची कथा वाचून आमचा परीक्षक लिहितो: 'स्त्रीच्या वेदनेचे प्रत्ययकारी चित्रण.' त्या कथेत भपकारा होता की नव्हता, कोणत्या वाक्यात होता, त्या वाक्याने काय केले, याबद्दल अक्षर नाही. तिने अनुभवाला दिलेला नेमकेपणा आपण मोघमपणाने परत करतो. वाङ्मयीन आळसाचे हे नैतिक रूप आहे.

शेवटचा आक्षेप तत्त्वज्ञांचा. कांटने १७९० मध्ये कॅनरी बेटांच्या वाइनचे उदाहरण घेऊन सांगितले, की ती सुखद आहे असे कोणी म्हटले तर 'मला सुखद आहे' असे म्हणावे. सौंदर्याच्या विधानाची मागणी मात्र सर्वांच्या संमतीची असते. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पासून (१९७४) मराठी विद्यार्थ्याला हा भेद परिचित आहे. भेद मान्य. पण आमच्या बैठकीत कोणी 'मला आवडली' यावर वाद घातला नव्हता. वाद होता तो आवळा की सुपारी यावर, आणि तो पाण्याच्या घोटाने सुटला. आवडीनिवडीच्या अलीकडे वर्णनाचा एक मोठा प्रदेश आहे. तिथे चूक-बरोबर असते, पुरावा असतो, माघार असते. कांटचा आधार घेऊन आपल्या समीक्षेने हा प्रदेश ओलांडू नये. आधी तिथे मुक्काम करावा.

म्हणून आमची मागणी फार मोठी नाही. रसग्रहणाच्या प्रश्नातले ठरीव मथळे काढून टाकावेत आणि एकच प्रश्न ठेवावा: या कवितेतला कोणता शब्द बदलला तर चव बिघडेल, आणि का? पदव्युत्तर वर्गात आस्वादसिद्धान्त शिकवण्याआधी विद्यार्थ्यांना पन्हे द्यावे, त्यावर दहा ओळी लिहायला सांगाव्यात आणि त्या एकमेकांकडून तपासून घ्याव्यात. संपादकांनी 'मातीचा वास' असे लिहिलेले प्रत्येक परीक्षण लेखकाकडे परत पाठवावे आणि समासात विचारावे: कोणती माती? याने मराठी समीक्षा एकदम थोर होणार नाही. पण ज्याने उत्तर दिले त्याने पुस्तक उघडून वाचले होते, एवढे तरी कळेल.